सर्व्हरचा बीएमसी प्रतिसाद देईनासा झाल्यावर: रिमोट मॅनेजमेंट कंट्रोलरच्या दोषनिदानाची सविस्तर पद्धत

सर्व्हरच्या मदरबोर्डवर मुख्य प्रोसेसरखेरीज आणखी एक छोटा, पूर्णपणे स्वतंत्र संगणक असतो. त्याला बीएमसी (बेसबोर्ड मॅनेजमेंट कंट्रोलर) म्हणतात; सर्व्हरवर दुरून नजर ठेवणे आणि तो चालू-बंद करणे हे त्याचे काम. डेलच्या सर्व्हरवर तो आयड्रॅक या नावाने येतो, एचपीईच्या सर्व्हरवर आयएलओ म्हणून, लेनोवोकडे एक्सक्लॅरिटी कंट्रोलर म्हणून आणि सिस्कोकडे सीआयएमसी म्हणून; सुपरमायक्रोच्या बोर्डांवर त्याला बहुतेक जण नुसते ‘आयपीएमआय’ म्हणतात (मुळात हे बीएमसीशी बोलण्याच्या प्रमाण पद्धतीचे नाव आहे). नावे निराळी असली तरी आतली रचना सारखीच असते: एआरएम प्रोसेसर असलेली एक चिप (पुष्कळ बोर्डांवर एस्पीड कंपनीची एएसटी२५०० किंवा एएसटी२६००), तिची स्वतःची रॅम, स्वतःची फ्लॅश मेमरी आणि त्या फ्लॅशमधून चालणारी, बहुधा लिनक्सवर आधारलेली, ऑपरेटिंग सिस्टिम.

हा संगणक स्टँडबाय विजेवर चालतो. सर्व्हर ‘बंद’ असला तरी पॉवर सप्लायला वीज मिळत आहे तोवर बीएमसी चालूच राहतो. त्यामुळे सर्व्हर दहा वेळा रीबूट केला तरी बीएमसी एकदाही रीबूट झालेला नसतो. वर्षानुवर्षे अखंड चाललेला, मेमरी गळतीने थकलेला बीएमसी ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. म्हणूनच ‘चालत नाही? रीसेट करा’ हा सल्ला इतका लोकप्रिय आहे, आणि तो बऱ्याचदा लागूही पडतो. अडचण अशी की रीसेटमुळे लक्षण नाहीसे होते आणि त्याबरोबर पुरावाही नाहीसा होतो. पंधरा दिवसांनी तोच दोष परत येतो, तेव्हा हाती काहीच नसते. या लेखात सांगितलेला क्रम म्हणून मुद्दाम उलटा आहे: आधी दोष कोणत्या थरात आहे ते ठरवावे, पुरावा साठवावा, आणि रीसेट शेवटी करावा.

एक सोय म्हणून, पुढे आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलवर त्या अर्थातच रोमन अक्षरांतच टाइप कराव्या लागतात.

लक्षण नेमके कोणते?

‘बीएमसी डाउन आहे’ या एका वाक्यात निदान सहा वेगवेगळे दोष लपलेले असतात. पिंगच जात नाही. पिंग जाते पण वेब पान उघडत नाही. पान उघडते पण लॉगिन होत नाही. लॉगिन होते पण कन्सोलची खिडकी काळी राहते. सगळे चालते पण सेन्सरचे आकडे गायब असतात. किंवा काहीही बिघडलेले दिसत नाही, फक्त पंखे पूर्ण वेगाने ओरडत असतात. यांतील प्रत्येकाची चौकशी निराळ्या ठिकाणी सुरू होते. तक्रार नोंदवणाऱ्याला म्हणून पहिले दोन प्रश्न विचारावेत: शेवटी केव्हा चालले होते, आणि त्यानंतर काय बदलले? स्विच बदलला, व्हीलॅन (स्विचवरील आभासी वेगळे नेटवर्क) बदलला, फर्मवेअर (बीएमसीच्या फ्लॅशमधील सॉफ्टवेअर) चढवले, रॅकची वीज गेली होती, पासवर्ड बदलण्याचे धोरण आले, यांपैकी एखादे उत्तर मिळाले की अर्धे काम तिथेच होते.

याच टप्प्यावर आणखी एक तपासणी करावी: दोष एकाच सर्व्हरचा आहे, की त्याच स्विचवरील किंवा त्याच मॉडेलच्या साऱ्या सर्व्हरांचा? दहा बीएमसी एकाच वेळी मरत नाहीत. दहा एकदम दिसेनासे झाले, तर सर्व्हर सोडून नेटवर्ककडे वळावे.

आतून विचारावे: होस्टच्या बाजूने तपासणी

बीएमसीकडे जायला दोन वाटा असतात. एक नेटवर्कवरून आणि दुसरी सर्व्हरच्या आतून, म्हणजे होस्ट ऑपरेटिंग सिस्टिमपासून (होस्ट म्हणजे मुख्य प्रोसेसरवर चालणारा सर्व्हर) मदरबोर्डवरील केसीएस किंवा तत्सम इंटरफेसमार्गे. आतल्या वाटेला आयपी पत्ता लागत नाही, स्विच लागत नाही आणि पासवर्डही लागत नाही. होस्टवर रूट अधिकार असले की पुरे. सर्वांत आधी ही वाट वापरावी असे माझे ठाम मत आहे, कारण एका आज्ञेत समस्येचे दोन तुकडे होतात: आतून उत्तर आले, तर बीएमसी जिवंत आहे आणि दोष नेटवर्कमध्ये, खात्यात किंवा एखाद्या सेवेत आहे. आतूनही उत्तर आले नाही, तर बीएमसी स्वतःच अडकलेला असण्याची शक्यता मोठी.

लिनक्सवर आयपीएमआय_एसआय आणि आयपीएमआय_डेव्हइंटफ ही दोन ड्रायव्हर मॉड्यूल ‘मॉडप्रोब’ने चढवावीत. त्यानंतर ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये ‘आयपीएमआय०’ ही फाइल दिसली पाहिजे. पुष्कळ जण मॉड्यूल न चढवताच आयपीएमआयटूल (बीएमसीला आज्ञा देणारा प्रोग्राम) चालवतात, ‘डिव्हाइस उघडता आले नाही’ असा संदेश पाहतात आणि बीएमसी मेल्याचा निष्कर्ष काढतात. प्रत्यक्षात तो संदेश फक्त ड्रायव्हर नसल्याचे सांगत असतो. विंडोज सर्व्हरमध्ये मायक्रोसॉफ्टचा आयपीएमआय ड्रायव्हर अंगभूत येतो. ईएसएक्सआयवर ‘ईएसएक्ससीएलआय हार्डवेअर आयपीएमआय’ या आज्ञासमूहातून हीच माहिती मिळते.

मग ‘आयपीएमआयटूल एमसी इन्फो’ चालवावी. फर्मवेअरची आवृत्ती, उत्पादकाचा क्रमांक आणि आयपीएमआयची आवृत्ती असे उत्तर क्षणात आले, तर बीएमसीचा गाभा शाबूत आहे. उत्तर यायला कित्येक सेकंद लागले किंवा चार प्रयत्नांत एकदाच आले, तर बीएमसी जिवंत आहे पण गुदमरलेला आहे. ‘डीमेसेज’मध्येही (कर्नलच्या संदेशांत) पाहावे: ‘गेट डिव्हाइस आयडी’ ही विनंती फसल्याचा किंवा केसीएस अवैध स्थितीत गेल्याचा उल्लेख असेल, तर होस्टच्या विनंत्यांना बीएमसी नीट उत्तर देत नाही, हे कर्नलने आधीच नोंदवून ठेवलेले असते. ‘टॉप’मध्ये (चालू प्रक्रियांच्या यादीत) ‘केआयपीएमआय०’ नावाचा कर्नल थ्रेड एक अख्खा कोर खाताना दिसला तर घाबरून जाऊ नये. तो सर्वांत खालच्या प्राधान्याने चालतो आणि इंटरप्ट नसलेल्या इंटरफेसवर त्याचे काम सतत विचारत राहण्याचेच असते. मात्र तो तासन्तास तसाच राहत असेल, तर एकतर एखादे निरीक्षण सॉफ्टवेअर फार वारंवार विचारत आहे, किंवा बीएमसी उत्तर द्यायला वेळ लावत आहे.

यानंतरची आज्ञा ‘आयपीएमआयटूल एमसी सेल्फटेस्ट’. तिच्या उत्तरात हेक्स ५५ आले, तर स्वयंचाचणी उत्तीर्ण. ५६ म्हणजे या कंट्रोलरवर ही चाचणीच उपलब्ध नाही. ५८ म्हणजे गंभीर हार्डवेअर दोष. सर्वांत बोलके उत्तर ५७ चे असते, कारण त्याच्या जोडीला येणाऱ्या दुसऱ्या बाइटमधील प्रत्येक बिट एकेक दोष दाखवतो: घटनांची नोंदवही म्हणजे एसईएल वाचता येत नाही, सेन्सरांच्या वर्णनांचा साठा म्हणजे एसडीआर वाचता येत नाही किंवा रिकामा आहे, एफआरयू माहितीपर्यंत (सुट्या भागांचे अनुक्रमांक वगैरे) पोहोचता येत नाही, आयपीएमबी बसच्या (व्यवस्थापन कंट्रोलरांना जोडणाऱ्या) रेषा प्रतिसाद देत नाहीत, किंवा फर्मवेअरच खराब झाले आहे. शेवटचे उत्तर मिळाले, तर नेटवर्कच्या चौकशीत वेळ घालवू नये. सरळ फर्मवेअरच्या भागाकडे जावे.

होस्ट बंद असेल किंवा आतून काहीच मिळत नसेल, तर सर्व्हरपाशी उभ्या असलेल्या माणसाला दिवे पाहायला सांगावे. पुष्कळ बोर्डांवर बीएमसीचा ‘हार्टबीट’ दिवा असतो आणि कंट्रोलर ठीक चालू असताना तो संथ लयीत लुकलुकतो. तो स्थिर पेटलेला किंवा पूर्ण विझलेला असेल, तर फर्मवेअर सुरूच झालेले नाही, असे मानायला हरकत नाही. अर्थात वीज जोडल्यानंतर बीएमसीला बूट व्हायला एक-दोन मिनिटे, काही मॉडेलांवर त्याहून अधिक वेळ लागतो. तेवढा धीर धरल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

रीसेटपूर्वी पुरावा साठवावा

आतली वाट चालू आहे तोवर चार गोष्टी फाइलमध्ये उतरवून घ्याव्यात: ‘एमसी इन्फो’, ‘लॅन प्रिंट’, ‘एसईएल ईलिस्ट’ आणि ‘एसडीआर ईलिस्ट’ यांची संपूर्ण उत्तरे. ‘लॅन प्रिंट’ तर हमखास. पुढे कधी फॅक्टरी रीसेट करावा लागला, तर स्थिर आयपी पत्ता, गेटवे आणि व्हीलॅन क्रमांक पुन्हा कोठून आणायचा, हा प्रश्न मध्यरात्री पडू नये. वेब पान उघडत असेल, तर उत्पादकाचा सपोर्ट बंडल किंवा निदान संचही त्याच वेळी उतरवून घ्यावा; तक्रार नोंदवताना पहिली मागणी त्याचीच होते.

एसईएल वाचताना वेळेकडे लक्ष द्यावे. काही नोंदींवर तारखेच्या जागी ‘प्री-इनिट’ असे लिहिलेले असते. बीएमसी नुकताच सुरू झाला होता आणि त्याला अजून खरी वेळ कळलेली नव्हती, एवढाच त्याचा अर्थ. पण अशा नोंदींचे पुंजके मध्ये-मध्ये दिसत असतील, तर बीएमसी स्वतःहून पुन्हा पुन्हा रीबूट होत आहे, हे त्यांतून उघड होते. वेब पानावर कुठेही न दिसणारी ही माहिती आहे. ‘एसईएल इन्फो’मध्ये नोंदवही भरून वाहिल्याचा ‘ओव्हरफ्लो’ उल्लेख असेल, तर अनेक कंट्रोलर नव्या घटना नोंदवणेच थांबवतात. म्हणजे आज जे बिघडले ते वहीत नसणारच. आधी वही जतन करून मगच ती रिकामी करावी.

नेटवर्क: सर्वाधिक दोष इथेच सापडतात

आतून उत्तर येते पण बाहेरून पिंग जात नाही, अशी स्थिती असेल तर ‘आयपीएमआयटूल लॅन प्रिंट १’ या आज्ञेचे उत्तर ओळीओळीने वाचावे. यातला १ हा चॅनल क्रमांक आहे आणि तो सगळीकडे सारखा नसतो. एचपीईच्या सर्व्हरांवर बहुधा २, इंटेलच्या काही बोर्डांवर स्वतंत्र मॅनेजमेंट पोर्टसाठी ३. चुकीच्या चॅनलचे उत्तर वाचून ‘आयपीच नाही’ असे ठरवण्याआधी शेजारचे क्रमांकही विचारून पाहावेत.

आयपी पत्त्याचा स्रोत डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटणारी सेवा) असेल आणि पत्ता शून्य-शून्य-शून्य-शून्य दिसत असेल, तर भाडेपट्टा (लीज), म्हणजे पत्ता, मिळालेला नाही. पत्ता बरोबर पण गेटवे चुकीचा असेल, तर त्याच सबनेटमधून बीएमसी दिसेल आणि दुसऱ्या सबनेटमधून दिसणार नाही. हे लक्षण ‘कधी चालते, कधी नाही’ अशा वेषात येते, कारण तपासणारे दोघे वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले असतात. ‘८०२.१क्यू व्हीलॅन आयडी’ ही ओळ मात्र सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते. तिथे एखादा क्रमांक असेल, तर बीएमसी स्वतः व्हीलॅनचा टॅग लावून फ्रेम पाठवतो. स्विचचा पोर्ट ॲक्सेस मोडमध्ये (एकाच व्हीलॅनसाठी, टॅगविना) असेल, तर बहुतेक वेळा त्या फ्रेम तिथेच टाकून दिल्या जातात. उलट तिथे ‘डिसेबल्ड’ असेल आणि पोर्ट ट्रंक (अनेक व्हीलॅन टॅगसह नेणारा) असेल, तर फ्रेम नेटिव्ह व्हीलॅनमध्ये (टॅग नसलेल्या फ्रेमसाठीच्या) जातात. टॅग एका बाजूलाच लागला पाहिजे, कोठे लावायचा ते दोघांनी मिळून ठरवावे.

त्यानंतर मॅक पत्ता (नेटवर्क पोर्टचा हार्डवेअर पत्ता). ‘लॅन प्रिंट’मधील मॅक पत्ता घेऊन स्विचच्या मॅक टेबलात शोधावा. तो अपेक्षित पोर्टवर दिसला, तर केबल आणि लिंक ठीक आहेत. दोष आयपीच्या थरात आहे. तो दिसलाच नाही, तर लिंक नाही किंवा टॅगिंग चुकले आहे. आणि तो भलत्याच पोर्टवर दिसला, तर पुढचा परिच्छेद आपल्यासाठीच आहे.

पुष्कळ सर्व्हरांवर बीएमसीचे नेटवर्क तीन पद्धतींनी लावता येते: समर्पित पोर्ट, होस्टच्या नेटवर्क कार्डाबरोबर सामायिक पोर्ट, आणि फेलओव्हर (समर्पित पोर्टला लिंक नसेल तर सामायिक पोर्टवर जाणे). फेलओव्हर ऐकायला सुरक्षित वाटते, पण काही बोर्डांवर समर्पित पोर्टला लिंक आहे की नाही हे बीएमसी फक्त स्वतः बूट होताना एकदाच पाहतो. आता रॅकची वीज जाऊन परत आल्याचे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. वीज येताच सर्व्हरचे बीएमसी बूट होऊ लागतात. त्याच रॅकमधील मॅनेजमेंट स्विचला मात्र उठायला त्याहून जास्त वेळ लागतो. बीएमसी समर्पित पोर्टकडे पाहतो, लिंक नसते, म्हणून तो होस्टच्या पहिल्या नेटवर्क पोर्टवर स्थलांतर करतो. दोन मिनिटांनी स्विच उठतो, समर्पित पोर्टचा दिवा हिरवा होतो, केबल नीट दिसते, आणि बीएमसी मात्र उत्पादन (प्रत्यक्ष कामकाजाच्या) नेटवर्कच्या व्हीलॅनमध्ये बसून भलत्याच ठिकाणी आपला पत्ता शोधत असतो. मॅक पत्ता होस्टच्या पोर्टवर सापडतो तो यामुळे. यावरचा तात्पुरता उपाय बीएमसी रीसेट आहे, कारण आता बूट होताना त्याला लिंक मिळते. कायमचा उपाय म्हणजे पद्धत ‘समर्पित’ अशी पक्की करणे. सुपरमायक्रोच्या अनेक बोर्डांवर हे वेब पानावरून किंवा आतून ‘आयपीएमआयटूल रॉ’ आज्ञेनेही करता येते. माझ्या मते स्वतंत्र मॅनेजमेंट स्विच उपलब्ध असेल तिथे फेलओव्हर पद्धत ठेवूच नये. बीएमसी नकळत उत्पादन नेटवर्कवर उघडा पडणे ही सुरक्षेच्या दृष्टीनेही वाईट गोष्ट आहे.

सामायिक पोर्टची आणखी एक खोड आहे. होस्टवरून त्याच सर्व्हरच्या बीएमसीला पिंग केले, तर ते बहुधा जात नाही. होस्टची फ्रेम कार्डातून बाहेर स्विचकडे जाते आणि स्विच ती ज्या पोर्टवरून आली त्याच पोर्टवर परत पाठवत नाही. कार्डही ती आतल्या आत बीएमसीकडे वळवेल याची खात्री नसते. त्यामुळे सामायिक पोर्टची चाचणी नेहमी दुसऱ्या यंत्रावरूनच करावी. याचीच उलट बाजू म्हणजे काही कार्डे होस्टसाठी आलेली यूडीपी ६२३ आणि ६६४ या पोर्टवरील पॅकेटे बीएमसीची समजून मधल्या मध्ये गिळतात. होस्टवरील एखाद्या सेवेने योगायोगाने तो पोर्ट घेतला, तर ती सेवा कारण न कळता अडकते. लिनक्सच्या एनएफएस क्लायंटचा राखीव पोर्टांचा पल्ला मुळात ६६५ पासून सुरू होतो, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे.

पिंग अधूनमधून तुटत असेल, तर आयपीची टक्कर तपासावी. त्याच सबनेटमधील यंत्रावरून ‘आर्पिंग’ चालवून एकाच पत्त्यासाठी दोन मॅक उत्तरे देतात का ते पाहावे. जुना सर्व्हर रॅकमध्ये बंद पडून आहे आणि त्याला वीज जोडलेली आहे, एवढे या टक्करीला पुरते, कारण त्याचा बीएमसी जागा असतो. केबल, लिंकचा वेग आणि डुप्लेक्स यांची तपासणी मामुली आहे; काही समर्पित पोर्ट १०० मेगाबिटपर्यंतच जातात आणि स्विचवर गिगाबिट सक्तीने लावलेले असेल, तर लिंक येत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

पिंग जाते, सेवा मिळत नाही

पिंगला उत्तर देणे हे बीएमसीच्या कर्नलचे काम. वेब, आयपीएमआय, एसएसएच आणि रेडफिश (एचटीटीपीएसवरून चालणारा, आयपीएमआयचा नवा पर्याय) या त्यावर चालणाऱ्या वेगवेगळ्या सेवा. एक पडली म्हणून बाकीच्या पडतातच असे नाही. म्हणून टीसीपी ४४३, टीसीपी २२ आणि यूडीपी ६२३ हे तिन्ही स्वतंत्रपणे तपासावेत. यूडीपीसाठी फ्रीआयपीएमआय संचातील ‘आरएमसीपीपिंग’ उपयोगी पडते, कारण तिला लॉगिन लागत नाही. तिला उत्तर येते पण वेब उघडत नाही, तर आयपीएमआयच्या वाटेने आत जाऊन फेरतपासणी करता येते. यांतील एकच पोर्ट बंद दिसत असेल, तर मधल्या फायरवॉलकडेही बघावे, आणि ती सेवा बीएमसीच्या सेटिंगमध्ये मुद्दाम बंद केलेली नाही ना, हेही पाहावे. आयपीएमआय ओव्हर लॅन अनेक नव्या सर्व्हरांवर मुळातच बंद असते.

वेब पान ब्राउझरच नाकारत असेल, तर दोष बीएमसीत नसून त्याच्या वयात असू शकतो. टीएलएस १.० आणि १.१ (वेब जोडणी सुरक्षित करणाऱ्या प्रोटोकॉलच्या जुन्या आवृत्त्या) यांचा आधार प्रमुख ब्राउझरांनी २०२० मध्ये काढून घेतला. त्याआधीचे फर्मवेअर तेवढेच जाणत असेल, तर पान उघडणार नाही. ‘ओपनएसएसएल एस_क्लायंट’ने जोडणी करून कोणती आवृत्ती वाटाघाटीत ठरते ते पाहावे. प्रमाणपत्राची मुदत संपणे, किंवा बीएमसीचे घड्याळ १९७० वर जाऊन बसलेले असताना तयार झालेले प्रमाणपत्र आधीच मुदत संपलेले दिसणे, हीही ठरलेली कारणे. काही नवे कंट्रोलर विनंतीतील होस्टनाव तपासतात. आयपी पत्त्याने पान उघडते पण नावाने ‘४०० बॅड रिक्वेस्ट’ येते, तर ते नाव बीएमसीच्या सेटिंगमध्ये नोंदवावे लागते.

पान उघडते पण अतिशय संथ, किंवा ‘५०३’ (सेवा उपलब्ध नाही) येते, तर सेशनकडे पाहावे. रेडफिशवर लॉगिन करून काम झाल्यावर सेशन न मिटवणारी स्क्रिप्ट ही बीएमसीची सर्वांत छुपी शत्रू असते. प्रत्येक कंट्रोलरची सेशनची मर्यादा तुटपुंजी असते. दर मिनिटाला एक सेशन उघडे सोडणारी स्क्रिप्ट ती काही वेळात भरून टाकते आणि मग माणसाला आत जागा उरत नाही. ‘आयपीएमआयटूल सेशन इन्फो ऑल’ने किंवा रेडफिशच्या सेशन सेवेतून यादी काढावी. एकाच पत्त्यावरून भराभर सेशन आलेले दिसले, तर चोर सापडला. अशा वेळी बीएमसी रीसेट करून काही तासांची शांतता मिळते, पण दुरुस्ती स्क्रिप्टमध्येच करावी लागते.

लॉगिन होत नाही

दूरच्या यंत्रावरून ‘आयपीएमआयटूल’ला ‘-आय लॅनप्लस’ आणि अधिक तपशिलासाठी ‘-व्ही’ हे पर्याय देऊन चालवले, तर नुसत्या ‘सेशन उभारता आले नाही’ या संदेशाच्या आत खरे कारण दिसते. ‘आरएकेपी २ एचमॅक इनव्हॅलिड’ म्हणजे वापरकर्ता आहे, पासवर्ड चुकला आहे. ‘अनऑथराइज्ड नेम’ म्हणजे त्या नावाचा वापरकर्ता नाही किंवा तो चालू केलेला नाही. प्रशासक पातळी लावता आली नाही, असा संदेश आला तर पासवर्ड बरोबर आहे, पण त्या खात्याला त्या चॅनलवर तेवढा अधिकार नाही. ‘-एल ऑपरेटर’ देऊन पुन्हा पाहावे. सायफर सूट (पडताळणी आणि सांकेतिकीकरणाच्या पद्धतींचा संच) जुळत नसल्याचे दिसले, तर जुन्या कंट्रोलरसाठी ‘-सी ३’ आणि नव्यासाठी ‘-सी १७’ देऊन पाहावे. मात्र ‘-सी ०’ने लॉगिन झाले, तर आनंद मानू नये: शून्य क्रमांकाच्या सूटमध्ये पासवर्डची पडताळणीच नसते, आणि ती त्या चॅनलवर ताबडतोब बंद केली पाहिजे.

वेबवर चालणारा पासवर्ड आयपीएमआयवर चालत नाही, या तक्रारीचे कारण बहुधा लांबी असते. आयपीएमआय २.० मध्ये पासवर्ड कमाल २० बाइटांचा असतो, आधीच्या आवृत्तीत १६ चा. पासवर्ड व्यवस्थापकाने तयार केलेला ३२ अक्षरांचा पासवर्ड वेब पान स्वीकारते, आयपीएमआय मात्र नाकारते. दुसरे कारण शेलचे: पासवर्डमधील उद्गारचिन्ह किंवा डॉलर यांचा शेल स्वतःच अर्थ लावून टाकतो. एकेरी अवतरणचिन्हांत पासवर्ड द्यावा, किंवा ‘-ई’ पर्याय वापरून तो पर्यावरण चलातून द्यावा; नाहीतरी आज्ञेत लिहिलेला पासवर्ड प्रक्रियांच्या यादीत इतरांना दिसू शकतो.

पासवर्ड खरोखरच हरवला असेल, तर आतली वाट पुन्हा कामाला येते. ‘यूझर लिस्ट १’ने खात्याचा क्रमांक पाहून ‘यूझर सेट पासवर्ड’ने नवा लावावा. होस्टवरील रूट म्हणजे बीएमसीवरीलही मालक, ही गोष्ट सोयीची आहे तितकीच धोक्याचीही. काही उत्पादक आता ही वाट बंद करण्याची सोय देतात.

कन्सोलची काळी खिडकी

व्हिडिओ कन्सोल काळा असेल, तर सर्व्हरमध्ये वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे का ते प्रथम पाहावे. बीएमसी फक्त स्वतःच्या चिपमधील व्हीजीए चित्र पाठवू शकतो; बायोसमध्ये प्राथमिक डिस्प्ले बाहेरच्या कार्डाकडे असेल, तर बीएमसीला दाखवायला काहीच नसते. बायोस दिसतो आणि लिनक्स सुरू होताच पडदा काळा होतो, तर कर्नलला ‘नोमोडसेट’ देऊन पाहावे. सिरियल ओव्हर लॅनवर (एसओएल, म्हणजे नेटवर्कवरून मिळणारा सर्व्हरचा मजकुरी कन्सोल) अक्षरांचा कचरा दिसत असेल, तर वेग जुळत नाही. बायोस, बीएमसी आणि कर्नल या तिघांचा वेग (बहुधा ११५२००) आणि सिरियल पोर्टचा क्रमांक एकच हवा. दुसऱ्या कोणाचे सेशन आधीच लागलेले असेल, तर ‘एसओएल डीॲक्टिव्हेट’ पुरते.

सेन्सर गायब, पंखे सुसाट

एकच सेन्सर ‘एनए’ दाखवत असेल, तर दोष त्या सुट्या भागाचा. सर्व्हर बंद असताना प्रोसेसरचे तापमान न दिसणे हे तर साहजिकच आहे. मात्र एकमेकांशी संबंध नसलेले अनेक सेन्सर एकदम गेले, तर ते बहुधा एकाच आय२सी बसवर (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांच्या सामायिक मार्गावर) असतात आणि त्या बसला एखाद्या बिघडलेल्या भागाने धरून ठेवलेले असते. पॉवर सप्लाय, बॅकप्लेन किंवा रायझर कार्ड एकेक करून काढून पाहिल्यावर अपराधी सापडतो. पंख्यांचा पूर्ण वेग हा सुरक्षिततेचा उपाय असतो: तापमान कळत नाही, म्हणून सर्वांत वाईट स्थिती गृहीत धरली जाते. म्हणजे पंखे दोषी नसतात. बीएमसी रीबूट होत आहे, अडकला आहे किंवा त्याला सेन्सर वाचता येत नाहीत.

रीसेट: हलक्यापासून जडापर्यंत

पुरावा साठवून झाल्यावर आतून ‘आयपीएमआयटूल एमसी रीसेट कोल्ड’ चालवावी. (‘वॉर्म’ हा प्रकार अनेक कंट्रोलरांत अस्तित्वातच नसतो.) डेलवर ‘रॅकॲडम रॅकरीसेट’ हेच काम करते. यामुळे होस्ट बंद पडत नाही, पण परिणाम शून्यही नसतो. पंखे काही काळ गर्जतात, आभासी यूएसबी साधने होस्टवरून सुटून पुन्हा लागतात, आणि सामायिक पोर्टवर होस्टची लिंक क्षणभर झटका खाऊ शकते. क्लस्टरमध्ये बीएमसीचा वापर फेन्सिंगसाठी (बिघडलेला सर्व्हर सक्तीने बंद करण्यासाठी) होत असेल, तर रीसेटच्या काळात फेन्सिंग चालणार नाही, याचा विचार आधी करावा.

आज्ञा पोहोचतच नसेल, तर बटण. डेलच्या सर्व्हरांवर सिस्टिम आयडीचे बटण सुमारे १६ सेकंद दाबून धरले की आयड्रॅक रीसेट होतो. एचपीईच्या अलीकडच्या पिढ्यांवर यूआयडी बटण ५ ते ९ सेकंद धरल्यास आयएलओ सौम्यपणे रीबूट होतो आणि १० सेकंदांहून अधिक धरल्यास सक्तीने. डेटा सेंटरमधल्या माणसाला हे फोनवर सांगताना ‘पॉवर बटण नव्हे’ हे दोनदा सांगावे.

शेवटची पायरी म्हणजे स्टँडबाय वीजही तोडणे. होस्ट रीतसर बंद करून सर्व पॉवर सप्लायच्या केबली काढाव्यात. दोनपैकी एक काढून काहीच साधत नाही. बोर्डावरचे सारे दिवे विझेपर्यंत थांबावे, पॉवर बटण काही सेकंद दाबून उरलेला भार उतरू द्यावा, आणि मगच केबली जोडाव्यात. जोडल्यावर होस्ट लगेच चालू न करता बीएमसीला पूर्ण बूट होऊ द्यावे. हे करूनही हार्टबीट परतला नाही, तर दोष फर्मवेअरचा किंवा हार्डवेअरचा आहे.

फर्मवेअर आणि फ्लॅश

बदललेले सेटिंग जतन झाल्याचा संदेश येतो, पण रीसेटनंतर जुनेच परत दिसते, असे होत असेल तर फ्लॅश मेमरी लिहिण्यापलीकडे गेल्याची शंका घ्यावी. फ्लॅशला पुसण्या-लिहिण्याची मर्यादा असते आणि वर्षानुवर्षे लॉग लिहून ती संपू शकते.

फर्मवेअर चढवताना ‘कॉन्फिगरेशन जपा’ हा पर्याय दुधारी असतो. तो निवडला, तर जुन्या आवृत्तीतील बिघडलेले सेटिंगही नव्यात येते. न निवडला, तर स्थिर आयपी जातो. दूरस्थ सर्व्हरवर आधी जपून चढवावे, दोष कायम राहिला तर आतली वाट हाताशी असताना फॅक्टरी रीसेट करून साठवलेल्या ‘लॅन प्रिंट’वरून पत्ता पुन्हा लावावा. २०२० नंतरच्या अनेक सर्व्हरांवर मूळ पासवर्ड सर्वांना एकच नसून बोर्डाच्या किंवा चेसिसच्या लेबलवर छापलेला असतो, म्हणून ते लेबल कोठे आहे हे रीसेटपूर्वीच पाहून ठेवावे. फार जुन्या आवृत्तीवरून थेट नवीनतम आवृत्तीवर उडी मारू नये. उत्पादकाच्या टिपणात मधला टप्पा सांगितलेला असेल, तर तो पाळावा. आणि चढवण्याचे काम चालू असताना, टक्केवारी कितीही वेळ हलली नाही तरी, वीज तोडू नये.

फर्मवेअर अर्धवट राहिलेच, तर काही बोर्डांवर दुसरी प्रतिमा राखीव असते आणि बीएमसी तिच्यावरून उठतो; काहींवर सिरियल हेडरवरून यू-बूट (बीएमसीचा बूटलोडर) गाठता येतो. एसपीआय प्रोग्रामरने चिप थेट लिहिण्याचा मार्ग जुन्या बोर्डांपुरताच धरावा, कारण नवे बोर्ड फर्मवेअरची स्वाक्षरी तपासतात आणि वॉरंटीचा प्रश्न वेगळाच.

बोर्ड बदलावा लागला, तर

स्वयंचाचणीत ५८, वीज तोडूनही न परतणारा हार्टबीट, किंवा न टिकणारी सेटिंगे, यांपैकी काही असेल तर मदरबोर्ड बदलण्याला बहुधा पर्याय नसतो, कारण बीएमसी सहसा त्यावरच बसवलेला असतो. नव्या बोर्डाबरोबर बीएमसीचा मॅक पत्ता बदलतो. डीएचसीपीतील आरक्षण, स्विचवरील पोर्ट सुरक्षा आणि निरीक्षण प्रणालीतील नोंद त्यानुसार बदलावी लागते. अनुक्रमांक आणि मालमत्तेचा टॅग एफआरयूमध्ये पुन्हा लिहून घ्यावा, नाहीतर पुढच्या तक्रारीच्या वेळी वॉरंटी सापडत नाही. प्रगत कन्सोलचा परवाना जुन्या बोर्डाशी बांधलेला असेल, तर तो हलवण्याची विनंती बोर्ड मागवतानाच करावी. जुन्या बोर्डावरची एसईएल त्याच्याबरोबरच जाते, म्हणून तो परत पाठवण्यापूर्वी साठवलेली प्रत तक्रार क्रमांकासह जपून ठेवावी.